तारा रडत नाही

भिलाई, सेक्टर एक
फेब्रुवारी १९६२

प्रिय प्रेमला,

श्यामरावांचं कार्ड मिळालं. तू जेवत नाहीस, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतेस, असं तुझ्या भावानं लिहिलं आहे. हे पत्रही आधी तेच वाचतील. वाचू देत. आपल्यात झाकून ठेवावं असं आता काय उरलंय?

इथं आपल्या लाइनीत नळाला दोन्ही वेळ पाणी येऊ लागलं. समोरच्या मैदानात नवे क्वार्टर झाले, त्यात केरळाकडची माणसं राहायला आली. मी ड्यूटीवर गेलो की तारा शेजारच्या शकुबाईंकडे असते. माणिकचे कपडे मी पेटीत ठेवले आहेत. कोणाला द्यावेत असं शकुबाई म्हणतात. माझा हात होत नाही.

आपला माणिक हगवणीनं गेला आणि आठवडाभरात श्यामराव तुला माहेरी न्यायला आले. तारानं तुझा पदर धरला होता. तो सोडवून तू रिक्षात बसलीस. ‘मले कोणाचंच तोंड पाहावंसं वाटत नाही,’ एवढंच बोललीस. मी तुला दोष देत नाही. तेव्हा तुझ्यात उभं राहण्याचंही बळ नव्हतं, हे मी पाहत होतो.

तू गेल्यावर तारा फार रडायची. अंगणातल्या मातीत आडवी व्हायची, टाचा घासायची. कारण काहीही चालायचं. पोळी तुटली, बाहुलीचा हात निघाला, बोलावलेलं कुत्रं जवळ आलं नाही. भावाचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही. दमली की उठायची, नाक फ्रॉकला पुसायची आणि गूळ मागायची. मला तिचा हेवा वाटायचा. मला तसं आडवं होता येत नव्हतं. मी डबल ड्यूटी मागून घेऊ लागलो. कारखान्यात भट्टीपाशी इतका आवाज असतो की माणूस ओरडला तरी बाजूच्याला कळत नाही. सुट्टीच्या दिवशी पावर हाउसच्या स्टेशनावर जाऊन बसतो. तुझ्या माहेरची, आमगावकडची पॅसेंजर येते, सुटते. मी चढत नाही. तू दार उघडणार नाहीस, ही भीती वाटते.

मग दिवाळीनंतर तारा शांत झाली. हट्ट नाही, रडणं नाही. ताटात पडेल ते खायची, स्वतःच्या वेण्या स्वतः घालायला बघायची. मी म्हटलं, पोरगी सावरली. कोणी तरी सावरलं, याचं बरं वाटलं.

मागच्या आठवड्यात ती ओट्यावरून पडली. भुवईच्या वर खोक पडली, रक्त गळ्यापर्यंत आलं. दवाखान्यात टाके घालताना मी तिचे हात धरले होते. प्रेमला, ती रडली नाही. फ्रॉकची कड दातात धरून छताकडे पाहत राहिली. नर्स म्हणाली, बडी समझदार बच्ची है. बाहेर आल्यावर तारानं मला विचारलं, ‘बाबा, मी रडली नाही न? आता आई येते न?’

घरी येऊन शकुबाईंना विचारलं. त्या बिचाऱ्या पदर तोंडाला लावून बसल्या. ‘लेकरू उगं राहावं म्हणून म्हटलं भाऊ, रडणाऱ्या पोरीकडे आई येत नाही म्हणून. मले काय माहीत ते मनात धरून बसेल.’ म्हणजे इतके महिने ती सावरलेली नव्हती. ती वाट पाहत होती. चार वर्षांचं लेकरू आपल्यासारखं दुःख गिळायला शिकलं, आणि मी शेजारी बसून जेवत होतो.

मी तिला जवळ घेऊन म्हटलं, ‘रड बाई, रडली तरी चालते.’ तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

मी तुला बोलवायला हे पत्र लिहीत नाही. श्यामरावांच्या कार्डावरून समजलो, तू येणार नाहीस, निदान इतक्यात तरी नाही. पण तेवढंच एकदा तुझ्या हातानं लिहून पाठव. ‘मी येत नाही,’ इतकंच. कारण लिहू नकोस. तुझं अक्षर तिला दाखवीन, वाचून सांगीन. मग तिला रडता येईल.

काहीही लिहिलंस तरी तुझाच,
केवलराम