जुन्या पानावरचं माप

प्रिय मर्ल,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, हे आधीच सांगतो. कॅफेत बसून तू काय सांगत सुटलायस ते कानावर आलंय: "व्हर्नदादाची वही चुकली, म्हणून नातीची बंदूक बिघडली." माझी वही? त्याच वहीतली मापं बघून काडतुसं भरलीस आणि तीस वर्षं एल्क हरणाचं मांस हादडलंस, लेका!

शिशाची गोळी सोडायला तूच माझ्या मागे लागला होतास. "दादा, जग कुठे गेलं! तुझ्या शिशाचे कण खाऊन गरुड मरतात, तांब्याची घे." घेतली. ती मांसात विखरत नाही, हेही कबूल. पण तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसाच्या पुंगळीत खोल शिरते, बंदुकीच्या दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. तिच्यासाठी दारूचं माप नव्यानं, कमीपासून सुरू करून ठरवायचं असतं. तू बीअरचे घोट घेत वहीतलं शिशाच्या गोळीचं माप तांब्याच्या गोळीखाली ओतलंस. आणि ती काडतुसं दिलीस कोणाला? माझ्या नातीला, टेसला, तिच्या पहिल्या शिकारीसाठी!

चांदमारीवर मी तिच्या शेजारीच होतो. बार झाला आणि पुढे जायचा धूर मागे आला. बंदुकीचा बोल्ट असा रुतला की हातोडीनं ठोकून उघडावा लागला. पोरीच्या चष्म्याची काच काळी झाली होती. काचेमागचा डोळा शाबूत राहिला, म्हणून तू आज शाबूत आहेस.

तुझ्या तोंडावर फेकायला म्हणून मी वही काढली. पान उघडलं. माझंच अक्षर: '१८० ग्रेन' हे गोळीचं वजन, पुढे दारूचं माप. गोळी कुठली, ते नाही. तेव्हा आपल्या गराजमध्ये एकाच जातीची गोळी असायची. लिहायचं कशाला, असं वाटलं असणार.

यानं तुझी चूक तिळभरही कमी होत नाही. गोळ्यांच्या डबीवरचं वाचायला तुला डोळे होते. पण त्या दिवसापासून टेस बंदुकीला हात लावत नाही. म्हणते, "आजोबा, तुम्ही दोघं समोरासमोर बसून भरा. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं तपासायचं. नाहीतर मी डोंगरात येणार नाही." आणि तिच्याशिवाय मी जाणार नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी ये. वाचायचा चष्मा आण, बीअर आणू नकोस. माफी मागू नकोस, मीही मागणार नाही. त्या पानावर मी 'शिसं' एवढा एक शब्द लिहीन, तेव्हा फक्त समोर बस.

तुझाच, आणि अजून तापलेलाच,
व्हर्नदादा