दुबार नोंद

३ जून, सोमवार
लागली एकदाची नोकरी! नोंदणी कार्यालय, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. गावातल्या सगळ्यांची माहिती जुन्या रजिस्टरांतून कॉम्प्युटरवर चढवायची. आमच्या बाईंनी डेटाबेस झकास समजावला. माणसांचा एक तक्ता, घरांचा दुसरा, नात्यांचा तिसरा. प्रत्येक माणसाला एक ओळ, एक नंबर. त्या नंबरानं सगळे तक्ते जोडलेले. एकच माणूस दोनदा चढला तर ती दुबार नोंद. दोहोंपैकी जिला जोडण्या कमी, ती ओळ उडवायची.

दारावरच्या काकांच्या जुळ्या नाती भेटल्या. मला जुळ्यांचं कौतुक. माझी ताई पाच मिनिटांनी मोठी, पण तोरा पाच वर्षांचा! दाजी गेल्यापासून दोन्ही लेकरांना एकटीनं वाढवतेय.

५ जून
अठ्ठावीस ओळी उडवल्या. जन्मतारीख आणि आईवडील जुळले की खुशाल उडवा, बाई म्हणाल्या. नावं वेगळी असली तर एक पाळण्यातलं, एक हाक मारायचं समजायचं.

६ जून
काकांना नातींबद्दल विचारलं. म्हणाले, एकच तर आहे. मलाही एकच आठवतेय. पण सोमवारच्या पानावर मीच ‘जुळ्या’ लिहिलंय. उडवलेल्यांची यादी काढली. त्यात काकांचा पत्ता. जुळ्यांचे आईवडील, तारीख, सगळं जुळणारच. हे मला सुचू नये?

७ जून, सकाळ
बाईंनी मला वेड्यात काढलं. उडालेली ओळ परत येत नाही म्हणे.

आजच्या दुबार नोंदींच्या यादीत पहिल्याच — मी आणि ताई. ‘या वेगळ्या आहेत’ असं लिहायला जागाच नाही. मी हात लावला नाही तरी चारनंतर मशीन कमी जोडण्यांची ओळ आपोआप उडवणार. ताईच्या जोडण्या सात. माझ्या दोन: नोकरी, भाड्याची खोली.

पावणेचार
मरण परवडलं. त्यात निदान कुणी रडतं तरी. मला फार भीती वाटतेय. जोडण्या हलवता येतात — ताईचं घर माझ्या नंबराला लावलं. मग धाकटा. मग थोरली. ताई, मला —

८ जून
मुलं उठल्याउठल्या बिलगली. माझीच आहेत. कळासुद्धा आठवतात. मग या वहीत हे काय? अक्षर माझं. मला बहीणच नाही —

थोरली खांद्यावरून वाचतेय. विचारतेय, आई, ही ताई कोण. पान फाडायला घेतलं तर तिनं हात धरला — पहिल्या पानापासून वाचलंय, रडतेय — म्हणतेय, नको ना फाडू, ही तर आमची आ—