तिसऱ्या बाकावरची बाटली

प्रिय अदिती,

तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. अकोल्यात तू आता स्वतःच इंजेक्शन घेतेस, एवढं शुभंकरमामाकडून कळलं. इथे अमरावतीत सगळं ठीक आहे. आई स्वयंपाक करते, मी क्लासला जातो. मला अजून रडू आलेलं नाही. जेवणाची चव कळत नाही, पण ताट संपवतो.

वर्गात मला 'सर' म्हणायचं, हा माझाच नियम. मुलीचे लाड करतो असं कुणी म्हणू नये म्हणून तुला इतरांपेक्षा जास्तच बोललो. त्या दिवशी तासाभरात बाहेर जायला तू तिसऱ्यांदा हात वर केलास, तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, बाहेर मोबाईल लपवून ठेवलाय का? पोरं हसली. तू खाली बसलीस. मग तुझी बाटली उचलून मी माझ्या टेबलावर ठेवली. पाणी कमी पिशील तर सारखं जावं लागणार नाही, हा जीवशास्त्राच्या सरांचा उपाय! आणि फळ्यावर काय होतं? मूत्रपिंड.

तेवीस वर्षं शिकवतोय मी हे. मूत्रपिंड रक्त गाळतं आणि त्यातली साखर परत रक्तात घेतं. रक्तात साखर फारच वाढली की सगळी परत घेणं त्याला झेपत नाही. उरलेली लघवीत राहते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. म्हणजे तू जास्त पाणी पीत होतीस म्हणून जावं लागत होतं, असं नव्हतं. अंगातलं पाणी निघून जात होतं म्हणून तुला तहान लागत होती. मी नेमकं उलटं धरलं. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी; मग शरीर स्वतःचीच चरबी जाळू लागतं. हे उत्तर लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देतो. तुझे कुडते खांद्यावरून उतरायला लागले, तेव्हा मात्र म्हणालो, अभ्यासाने मुली बारीक होतातच.

चंदाला कळलं होतं. घरी फरशी पुसताना म्हणाली, सर, बाथरूममंदी मुंग्या लागून राहिल्या, पोरीले एकदा डॉक्टरले दाखवा. मी तिला फिनाईल टाकायला सांगितलं.

बाटली काढून घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी तू वर्गात उलटी केलीस. स्कूटरवर तुझी मैत्रीण प्रतीक्षा तुला मागून धरून बसली होती. तू नुसती धापा टाकत होतीस. दवाखान्यात साखर पाचशे चाळीस निघाली. डॉक्टर म्हणाले, हा आजार तुमच्या रागावण्याने झालेला नाही, पण पाणी तोडायला नको होतं. त्यांचा मुलगा माझ्याकडे शिकलेला, म्हणून हळू आवाजात म्हणाले. मी मान हलवली आणि बिल कुठे भरायचं ते विचारलं.

बाटली अजून माझ्या टेबलावर आहे, अर्धी भरलेली. मी ती हलवली नाही.

पुढच्या सोमवारी नव्या बॅचला तोच धडा आहे. तेच विचारायला हे पत्र. त्यांना सांगू का, की तिसऱ्या बाकावर माझी मुलगी बसायची आणि तिचं पाणी मी काढून घेतलं? तू नको म्हणालीस तर नुसतं मूत्रपिंड शिकवीन. मी चुकलो, अदिती. माफ कर असं म्हणायची हिंमत होत नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. सोबत पत्ता घातलेलं पोस्टकार्ड ठेवलंय. त्यावर सकाळची साखर किती आली, तेवढा आकडा लिहून टाक. मला तेवढं पुरेल.

तुझाच,
बाबा
('सर' नाही)