खेळले : नऊ तास

मंचर, २ डिसेंबर २०२५

प्रिय हौशीराम,

अकरा वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी आधी मागते. तुझी आई, माझ्या सोनीकाकू, गेल्याचं मला सप्टेंबरात संपतनं सांगितलं, तेव्हा दहावाही होऊन गेला होता. त्या दिवशी लिहायला बसले आणि तशीच उठले. सांत्वन करण्याचा अधिकार आपल्याला उरलाय का, हेच ठरेना.

संपतचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान अजून हायवेलाच आहे. वरच्या ज्या खोलीत आपण तिघांनी २००८ साली 'पुढची लेव्हल' मासिक सुरू केलं, तिथं आता तांब्याच्या तारेची रिळं रचलेली असतात. एकच कॉम्प्युटर, त्यावर पाळीपाळीनं खेळायचं. भारनियमनात लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. व्हिडिओ गेमवर मराठी मासिक, तेही इंटरनेटवर, कोण वाचणार, असं सगळे म्हणायचे. तरी नांदेड, सांगली, अगदी मस्कतहून वाचकांच्या मेल येऊ लागल्या, त्या आपल्या नियमामुळे : खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय लिहायचं नाही, आणि परीक्षणाखाली तास छापायचे. नियम माझाच. संपत चिडवायचा, "वैजूताई, तू गेम खेळती का बटाट्याच्या गोणी मोजती गं?" 'आमचं चुकलं' हे सदरही माझंच. एकदा कुठल्याशा सरदाराच्या घोड्याचा रंग चुकला, तर मी तीन ओळींची दिलगिरी छापली होती. तू हसून हसून लोळला होतास.

मासिकात चार वर्षांत नवं काही आलेलं नाही. साइट मात्र मी चालू ठेवलीय. अजूनही कोणी कोणी जुनी परीक्षणं वाचतं. त्यात तुझ्या खेळाचंही आहे.

२०१४ साली तू स्वतः खेळ केलास आणि नाव ठेवलंस 'गाळपेर'. धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत करतात ती पेरणी. धरणाखाली गेलेलं तुमचं गाव, घर, गल्ली तू आठवून आठवून उभी केली होतीस. मी लिहिलं : "पाणी चढत राहतं, खेळणारा बघत राहतो. यात खेळण्यासारखं काही नाही." खाली छापलं, खेळले : नऊ तास.

मी चाळीस मिनिटं खेळले होते. पाणी देवळाच्या पायऱ्यांना लागलं होतं, तिथं मी बंद केलं. नावावरूनच कळायला हवं होतं की ते उतरणार आहे. धरणाच्या तालुक्यातली मी, मला गाळपेर ठाऊक नव्हती असं थोडंच आहे! त्या दिवसाची डायरी काल काढून पाहिली. तिथंही लिहिलंय, "हौशीरामचा खेळ संपवला." स्वतःच्या वहीत मी खोटं कोणासाठी लिहिलं असेल? वार्षिक अंकाची घाई होती, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. घाई होतीच. पण आपण दोघं दुसऱ्यांच्या खेळांवर लिहिणारे होतो आणि तू खेळ करणारा झालास, हेही मला सलत होतं.

अंक निघाल्यावर तुझा फोन आला. तू एवढंच विचारलंस, "शेवट नीट चालला का?" मी म्हटलं, "हो, चालला." तू "बरं," म्हणालास आणि फोन ठेवलास. महिन्याभरात चाकणला नोकरी धरलीस. पुन्हा काही लिहिलं नाहीस, केलं नाहीस.

गेल्या आठवड्यात तुझ्या अक्षरातली ती सीडी शोधली आणि तीन दिवस बसून 'गाळपेर' शेवटपर्यंत खेळले. अकरा तास लागले. देवळाचा कळस बुडाला, मग कितीतरी वेळ नुसतं पाणी. मग ते उतरू लागलं. गाळातून चालत तुमच्या घराच्या जोत्यापाशी आले. उंबऱ्याचा दगड होता, जातं होतं. जात्याला हात लावला आणि काकूंचा आवाज आला, "आलास व्हय? लई येळ लावलास. बस, भाकर टाकते." शनिवारी एसटीनं आपण तुमच्या नव्या घरी पोचायचो, तेव्हा म्हणायच्या तसाच, त्याच सुरात.

तू फोनवर हेच विचारत होतास. अकरा वर्षं तुला वाटत आलं असेल की वैजूनं माझ्या आईचा आवाज ऐकला आणि तरी लिहिलं, यात काही नाही. हौशी, मी तो ऐकलाच नव्हता. यानं माझी चूक लहान होत नाही. कदाचित मोठीच होते. पण काकूंच्या हाताची भाकर खाल्लेली मी, त्यांचा आवाज ऐकून असं लिहिलं नसतं, एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र. उत्तराची वाट बघण्याचा हक्क मला नाही. तरी बघेन.

तुझीच,
वैजयंती

(डायरी, २ डिसेंबर) उद्या : 'आमचं चुकलं' उघडून लिहिणे – 'गाळपेर', नऊ तास नव्हे, चाळीस मिनिटं.