खाजणातला दिवा

सोमवार, ३ जून
पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरच्या या खाजणकाठच्या गावात बिऱ्हाड थाटले. घर खांबांवर, खाली चिखल, चिखलात साऱ्या डुक्करवाड्यांची घाण. ती खाणारे सूक्ष्म जंतू वीज सोडतात; पुरलेली काळी जाळी ती गोळा करते आणि आमच्या ओसरीवरून जाणाऱ्या तारेवाटे चर्चच्या शिखरावर दिवा जळतो. पंकात कमळ उगवते एवढेच पाठशाळेत शिकलो. दिव्याबद्दल गुरुजी बोलले नव्हते. माझ्या वर्तमानपत्राचे दोन रकाने सहज भरतील. घरमालकीण वाइसिमाबाई म्हणाल्या, भाऊ, इथं माणसांपेक्षा डुकरं जास्त. त्यांना मत नाही म्हणून पाद्री निवडून येतो.

शुक्रवार, ७ जून
दिवा मंदावला. म्हणजे घाण सरली, खाजण निवळले. आनंदाची बातमी! पण पुढच्या रविवारी शेजारगावची मंडळी येणार. त्यांच्यासमोर दिवा मिणमिणला तर गावाचे नाक कापले. पाद्री केलेपी म्हणाले, भूक लागलीय त्याला, घाला दोन घास. वाइसिमाबाईंनी भट्टीतले उरलेले डुक्कर चिखलात ओतले. दिवा फुलला.

गुरुवार, १३ जून
रोज पाटी ओततात. हाडेही उरत नाहीत. आज पाटी टेकण्याआधीच चिखल वर आला. बाईंनी पाद्र्यांना विनवले, तार तोडा, हे आता वाट बघतं. ते म्हणाले, पाहुणे जाऊ देत. जीवो जीवस्य जीवनम् — पुढे विनोद सुचेना.

रविवार, १६ जून
रविवारी इथे काम वर्ज्य. चिखलाला घास घालणे हेही कामच, असा पाद्र्यांचा निकाल. दुपारी घराचा खांब खचला. बाई म्हणाल्या, उपाशी आहे, घर गिळेल. देवाची माफी मी मागते. पाटी घेऊन उतरल्या.
नुसती पाटी वर आली.
भर उन्हात दिवा असा पेटला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार
पाद्र्यांना सांगितले. म्हणाले, मुलीकडे गेली असेल. मग खालच्या आवाजात — आता तार तोडली तर तीही विझेल हो.

मंगळवार
दिवा मंद. डुक्कर ओतले, तसेच पडून आहे. चव बदलली. सारे माझ्या घराकडे बघतात. पायऱ्या चिखलात गेल्या. होडीसाठी हाका मारल्या — मान फिरवतात —

बुधवार
तार कापायला सुरी — तार उबदार, आत ठोके — मनगटाला वेढा — फळ्यांतून चिखल — बाहेर पोरे नाचतायत, वाढला, दिवा वाढला — कमरेप