बांबूवरचं जोडपं

प्रिय एफ्राइन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते आधी बाजूला ठेवशील. अकरा वर्षं झाली. तरी सवडीने वाच.

मार्चमध्ये मी पुन्हा इंतागच्या जंगलात गेले होते. आपण राहायचो त्या सोइलाबाईंकडेच उतरले. मक्याच्या खिरीचा पेला पुढे ठेवत त्यांनी पहिलं विचारलं, “आणि तो उंच माणूस कुठाय?” मी म्हटलं, तो कुएंकाला शाळेत शिकवतो, निघून गेला. “गेला कसला, तू घालवलास,” म्हणाल्या, आणि साखर आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या बांबूवर आपला तो उड्या मारणारा कोळी दिसला. भाताच्या दाण्याएवढा, हिरव्या झळाळीचा नर. पाय उंचावून तो आडवा सरकत होता. समोर एक मातकट मादी त्याच्याकडे बघत बसली होती. अकरा वर्षांपूर्वी अशीच मातकट मादी मी वेगळी जात ठरवून वेगळ्या बाटलीत ठेवली होती. तू तेव्हा म्हणाला होतास, “नेलिदा, हे जोडपं आहे.” मी सगळ्यांदेखत म्हटलं, “तुला काय, सगळीकडे जोडपीच दिसतात.” सगळे हसले. अहवालातून तुझं ते निरीक्षण मीच काढून टाकलं. महिन्याभरात तू आपलं कीटोचं संग्रहालय सोडलंस, आणि मलाही.

या खेपेला मी दोघांना डबीत घालून कीटोला आणलं. मादीने रेशमी पिशवीत सोळा अंडी घातली. एक पिल्लू मेलं. बाकीची मोठी झाली तेव्हा सहा हिरवे नर निघाले, नऊ मातकट माद्या. जात एकच, आणि आजवर कुणी न नोंदवलेली. सूक्ष्मदर्शकाखाली बघून चित्रं काढली, वर्णन लिहून पूर्ण केलं.

जातीला तुझं नाव द्यायचं मी ठरवलं होतं. संग्रहालयात सगळ्यांना ते फार आवडलं, माझं कौतुकही झालं. त्या कौतुकानेच मी अस्वस्थ झाले. नाव दिलं असतं तर ती माझी मेहेरबानी ठरली असती, आणि शोध माझाच राहिला असता. शिवाय वर्णनाचा लेखक म्हणून तुझं नाव हवं होतं, आणि लेखकाने स्वतःचंच नाव जातीला देणं आपल्या शास्त्रात बरं दिसत नाही. म्हणून ते नाव काढलं. वर्णनाचा पहिला लेखक तू आहेस, दुसरी मी. मसुदा सोबत आहे, तुझ्या सहीशिवाय तो छापायला जाणार नाही. जातीच्या नावाची जागा कोरी आहे. ती तू भरायचीस.

तुझीच म्हणायचा हक्क उरला नाही, तरी तुझीच,
नेलिदा