अशील बाहेरच्या बाकावर

चि. वकिलीणबाईंस आजीचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर अशासाठी, की तू जेवायला वेळ काढत नाहीस असं तुझी आई सांगते.) इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे गुडघे, डोळे आणि तुझा मामा सोडून सर्व. तुझा खोकला गेला का? कळव, पण दोन ओळींत कळव. तुझं लिहिणं हल्ली लांबतं.

वकिलांना धंद्यातल्या बातम्या आणि सल्ले देणारं ते तुमचं मासिक पोचलं. त्यातला तुझा लेख, ‘वृद्ध अशिलांशी कसे वागावे’, भिंग धरून वाचला. मला चौथीतून काढून चुलीपुढे बसवलं होतं, त्यामुळे वेळ लागला. लेख चांगला आहे. फक्त जगात चालत नाही. मी स्वतः वृद्ध अशील होऊन आले आहे, तेव्हा पुढच्या अंकात दुरुस्ती छाप.

झालं असं, की तुझ्या मामाला माझी काळजी वाटायला लागली. (त्याला काळजी वाटली की मी आधी किल्ल्या चाचपते.) म्हणे, ‘आई, घर आत्ताच माझ्या नावावर केलंस तर मागाहून तुला त्रास नको.’ मागाहून म्हणजे मी मेल्यावर. मेल्यावर मला कसला त्रास, असं विचारलं तर तुझी मामी म्हणाली, ‘आईंचं सगळं वाकड्यातच!’ त्याच दुपारी सुतार येऊन माझ्या खोलीची मापं घेऊन गेला. मी पलंगावर आडवी होते. त्याने टेप माझ्यावरूनच नेली. तिथे मामीला शिवणाचा क्लास काढायचा आहे. माझ्या खोलीत उजेड छान येतो ना! इतकी वर्षं तो कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता.

मग मला ठेवणीतल्या कपड्यांत गुंडाळून वकिलाकडे नेलं. हा वकील तुझ्या मामाचा शाळासोबती. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात येऊन डबे उघडायचा, पण विचारून उघडायचा. शिकला आणि ती सवय गेली. तुझा लेख त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवलाय बरं का. मला अभिमान वाटला, चहाच्या एका घोटाइतका. तो म्हणाला, ‘काकू, नियम कडक झालेत. अशिलाशी एकट्याशीच बोलायचं, नातेवाईक बाहेर.’ मी खुर्चीत सावरून बसले आणि मामाला डोळ्यांनीच दार दाखवलं. तर कारकुनाने माझाच दंड धरला! फी मामाने भरलेली, म्हणून मामा अशील. मी नातेवाईक. तुझ्या लेखात हे कुठल्या कलमात आहे ते मला काही सापडलं नाही.

बाहेर बाक होता, त्याचा एक पाय आखूड. मी डुलत बसले. कारकून इतक्या मोठ्याने बोलत होता (तू ‘स्पष्ट बोलावे’ लिहिलंयस, गुरं हाकावीत असं नाही) की रस्त्यावरच्या लोकांनाही माझं वय कळलं असेल. त्याने मला वार विचारला. सांगितला. गावाचं नाव विचारलं. तेही सांगितलं. मग मी विचारलं, ‘बाबा रे, मी इथे काय द्यायला आलेय, ठाऊक आहे का तुला?’ म्हणाला, ‘घर, आजी!’ म्हटलं, ‘मला द्यायचंय का, हे नाही विचारत ते?’ तो म्हणाला, ‘ते साहेब आत विचारतायत.’ आत म्हणजे मामाला. मला सही येते हे सांगेपर्यंत त्याने माझ्या अंगठ्याला शाई फासली होती. ती मी त्याच्या खुर्चीवरच्या टॉवेलला पुसली. शिकल्याचा काहीतरी उपयोग.

शेवटी आत बोलावलं. कडू औषध नाक दाबून प्यावं तसा वकिलाने कागद भराभर वाचला. ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावावाचून’ आलं तेव्हा मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. दबाव नव्हता गं, नुसता हात होता. पण जड होता. याच हाताला धरून मी त्याला चालायला शिकवलं, असं मी म्हणणार नाही. तो आपोआपच चालायला लागला, आणि पडला तो माझ्या अंगावर. ‘कर सही, आई.’ मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा माझ्या नाकावर होता. वकील घड्याळाकडे बघत होता, मामा कागदाकडे. दोघेही म्हणाले, मग सोमवारी करू.

तेव्हा दुरुस्ती अशी छाप: ज्याचं घर जाणार आहे तो अशील, त्याला आत बसवा, आणि त्याच्या तोंडाकडे एकदा तरी बघा. बाकी क्षेम. जेवत जा.

तुझी,
आजी

ता. क. सोमवारी चष्म्याचं चालणार नाही. मला वकील हवा आहे. तू नको. तुझी आई रोज फोनवर विचारते, ‘आई, घराचं ठरवलंस का? आपल्या घरातच वकील आहे, कागद ती करून देईल.’ म्हणजे इकडे मामा आणि तिकडे तुम्ही. ज्याला वाटा मिळू शकतो त्याच्या माणसाने कागदाला हात लावू नये, हे तूच लिहिलंयस. तेव्हा आपल्यापैकी कुणाचाच कुणी नसलेला एखादा धाड. उद्धट चालेल. फी मी माझ्या हाताने देईन.

आणखी एक ता. क. त्याला आधीच सांग, की मला घर मामाला द्यायचं नाही, तुझ्या आईलाही नाही आणि तुलाही नाही. मला त्यात राहायचं आहे. एवढं कायद्यात बसतं का, विचारून कळव.